सनमायकाच्या जुन्या कपाटाला घरच्या घरी रंग

लाकूड रंग पितं, सनमायका पीत नाही. रंग त्याच्या गुळगुळीत थरावर नुसता बसून राहतो, आणि मध्ये तेलाचा अंश किंवा चकाकी राहिली की महिनाभरात नखानेही निघतो. म्हणून निम्मा वेळ रंगाचा डबा उघडायच्या आधीच घालवा.

दारं बोटाने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर तिथे सनमायका सुटलाय. कडेतून फेविकॉल सोडून रात्रभर वजन ठेवा. सिंकखालचा पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला असेल तर दारच बदला, रंगाने ते झाकत नाही.

मग दारं उतरवा, बिजागरीच्या खाचेत नंबर लिहा. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून, घासून काढा. गॅसजवळची दारं दोनदा. साध्या पाण्याने पुसून दिवसभर वाळू द्या. सोडा राहिला तर तोही रंग धरू देत नाही. पूर्वी फर्निचर पॉलिश मारलं असेल तर थिनरच्या फडक्यानेही पुसा, नाहीतर रंग फाटून गोल खळगे पडतात.

आता १८० नंबरचा पॉलिश पेपर, ठोकळ्यावर गुंडाळून, हलक्या हाताने. चकाकी मेली की थांबा. तपकिरी कागद दिसू लागला म्हणजे जास्त घासलंत, विशेषतः कडांना.

खरी चूक प्रायमरमध्ये होते. दुकानात सवयीने वुड प्रायमर हातात ठेवतात. तो कच्च्या लाकडासाठी असतो. सनमायका, काच, टाइल्सवर चिकटणारा प्रायमर, किंवा हार्डनर घालायचा पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमर मागा. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाज नको. खिळ्यांची भोकं प्रायमरनंतर लांबीने (पुट्टीने) भरा. कोऱ्या सनमायक्यावर लांबी सुटते.

एक दिवसाने कोपऱ्यात ब्लेडने उभ्या-आडव्या रेषा मारा, चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. तुकडे निघाले तर पुन्हा घासा. ही चाचणी सहसा कोणी करत नाही, आणि मग दोष रंगाला देतात.

६ बाय ३ फुटांच्या, दीड फूट खोल कपाटाचा दर्शनी भाग आणि दोन बाजू मिळून ३६ चौरस फूट होतात. त्याला अर्धा लिटर प्रायमर आणि एक लिटर रंग भरपूर झाला. पांढरा हवा असेल तर पाण्याचा इनॅमल घ्या, तेलाचा पुढे पिवळा पडतो. चार इंची फोमचा रोलर, दोन पातळ हात, मध्ये ३२० नंबरचा पेपर. जाड हात दिला की उभ्या दारावर ओघळतो.

नाशकात पावसाळ्यात हे काम काढू नका, वाळता वाळत नाही. थंडीत सकाळी पारा दहाच्या खाली असताना पाण्याचा रंग नीट जमत नाही. सकाळी दहा ते दुपारी चारमध्येच काम उरका. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर रोलरच्या रेषा वाळून तशाच राहतात, वर धूळ. दसऱ्याला सुरुवात करावी, परतीचा पाऊस नसेल तर दिवाळीपर्यंत रंग पक्का होतो.

खिडक्या उघड्या ठेवा. थिनर उघडा असेपर्यंत देवघरातली समईही विझलेली हवी. पीयूची फवारणी घरात करायची नाही, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही.

दुसऱ्या दिवशी रंग हाताला कोरडा लागतो, पण आतून कच्चा असतो. आठवडाभर दारं बंद करू नका, चौकटीला चिकटतात. आणि डबे-बरण्या लगेच लावल्या तर त्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात.