दिवाणखान्यातली क्वेकर सभा

तीस वर्षं सातवी-आठवीच्या वर्गांवर ‘गप्प बसा’ म्हणून ओरडले आणि स्वतः गप्प बसायला शिकले ते निवृत्तीनंतर, लेकीकडे बर्मिंगहॅमला गेले तेव्हा. तिच्या घराजवळ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं सभागृह होतं. आत क्रूस नाही, पाद्री नाही. गोलात मांडलेल्या खुर्च्या आणि मधे टेबलावर फुलं. तासाभरात एक आजोबा उठले, चार वाक्यं बोलले, बसले. बास.

आता कोथरूडला आमच्या फ्लॅटमध्ये महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ जण तसं बसतो. क्वेकर आमच्यात कुणीच नाही, पद्धत तेवढी उचलली. (‘क्वेकर म्हणजे ते ओट्सवाले का?’ नाही. त्या कंपनीचा या पंथाशी संबंध नाही.) कसं करता, असं बरेच जण विचारतात म्हणून लिहिते.

वेळ सकाळी साडेसातची ठेवा. नऊनंतर भंगारवाला येतो, मग पार्सलवाला बेल वाजवतो. मोबाइल बाहेर ठेवायचे. पहिल्या खेपेला मी ते स्टीलच्या डब्यात घालून ओट्यावर ठेवले. एक थरथरला आणि ओट्यावर टाळ वाजायला लागले. आता जाड कापडी पिशवी, तीही गादीवर.

खुर्च्या गोलात, सगळ्या सारख्या. सोफा भिंतीला सरकवा, नाहीतर तो वडीलधाऱ्यांना सोडला जातो आणि मानाची जागा तयार होते. क्वेकरांचं यावरूनच तर वाजलं होतं. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं होतं. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्याची माणसं न्यायाधीशालाही ‘तू’ म्हणायची, कुणापुढे टोपी काढायची नाहीत. आमच्याकडे मात्र अहो-जाहोच चालतं. पेठेत वाढलेल्या जिभेला तेवढी सूट द्या.

मग बसायचं. डोळे मिटा, उघडे ठेवा, तुमची मर्जी. जप नाही, श्वास मोजणं नाही. ‘म्हणजे विपश्यनाच ना?’ असं हमखास विचारतात. तिथे ज्याचं त्याचं चालतं, इथे सगळ्यांनी मिळून ऐकायचं असतं. प्रत्येक माणसात देवाचा काही अंश आहे, मग मधे पुरोहित कशाला, असं फॉक्सचं म्हणणं. आमच्यातले एक पक्के नास्तिक त्याला ‘आतला आवाज’ म्हणतात आणि नेमाने येतात.

खरी मेख बोलण्यात आहे. काही सुचलं की स्वतःला विचारा: हे माझ्यापुरतं आहे का? चहाच्या वेळी सांगून भागेल का? दोन्हींची उत्तरं ‘नाही’ आली आणि तरी छाती धडधडत राहिली, तर उठा, थोडक्यात बोला, बसा. १६५० मध्ये डर्बीच्या न्यायाधीशाला फॉक्सने देवाच्या शब्दापुढे थरथर काप म्हणून सुनावलं; न्यायाधीशाने उलट त्यांनाच ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, असं चिडवलं. ती थरथर काय असते ते मला तीन वेळा कळलंय. दोनदा उठले, एकदा गिळून टाकलं.

कुणी बोललं तर उत्तर द्यायचं नाही. मान डोलवायची नाही, ‘अगदी बरोबर’ही नाही. आमच्या पहिल्याच सभेत एक गृहस्थ वीस मिनिटं बोलले, दुसऱ्यांनी मुद्दे खोडायला घेतले आणि सोसायटीची वार्षिक सभा झाली. तेव्हापासून नव्या माणसाला दारातच नियम सांगते.

वाटतं तितकं हे परकं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबादजवळ (आताचं नर्मदापुरम) रसूलियाला क्वेकरांनी फ्रेंड्स रूरल सेंटर सुरू केलं होतं. १९७२ मध्ये त्यांनी आणि किशोर भारती या संस्थेने मिळून सोळा सरकारी शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. मी विज्ञानाचीच बाई. त्यांचं नाव आधी ठाऊक होतं, क्वेकर नंतर कळले.

शेवट करायचं काम एकाकडेच द्या, म्हणजे बाकीचे घड्याळाकडे बघत नाहीत. तिकडे तास असतो, आमच्या गुडघ्यांना चाळीस मिनिटं पुरतात. त्या माणसाने शेजाऱ्याशी हात मिळवला की सगळे मिळवतात आणि सभा उठते.

पोहे आधी भिजवून ठेवा, फोडणी मात्र नंतर. एकदा मी आधीच करून ठेवली. हिंग-मोहरीचा वास दिवाणखान्यात आला आणि त्या दिवशी आतल्या आवाजाने सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली.