ऑनलाइन सामूहिक वाचन : आधी क्रम ठरवावा

जळगाव, धुळे आणि शहादा इथले वाचक एका पडद्यावर जमतात, तेव्हा गोंधळ बहुधा पुढे कोणी वाचायचे हे ठरलेले नसल्यामुळे होतो. म्हणून वाचकांचा क्रम आदल्या दिवशीच कळवावा आणि प्रत्येकाचा भाग पान क्रमांकाने न सांगता परिच्छेदाच्या पहिल्या चार शब्दांनी सांगावा, कारण आवृत्ती बदलली की पानेही बदलतात. गूगल मीटच्या मोफत खात्यावर तिघे किंवा अधिक जण असल्यास बैठक 60 मिनिटांपुरतीच चालते, झूमवर 40. त्यामुळे वाचनाला निम्म्याहून अधिक वेळ देऊ नये, खरी रंगत चर्चेलाच येते. वाचणाऱ्याखेरीज सर्वांचे माइक बंद असावेत, नाहीतर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐन संवादात ऐकू येते. वीज गेल्यास पुढचा परिच्छेद लगेच उचलणारा एक राखीव वाचक नेमावा, आणि तो शक्यतो दुसऱ्या गावचा असावा. मजकुरात अहिराणी संवाद असतील, तर ते घरी अहिराणी बोलणाऱ्याकडेच द्यावेत. प्रमाण मराठीच्या हेलात म्हटलेल्या ‘काय करी ऱ्हायना’ला गावच्या ओट्याची चव येत नाही.