एप्रिलमध्ये डेक बसत नाही तेव्हा

आमचा ट्रॅक्टर हिवाळ्यात बर्फ ढकलतो आणि उन्हाळ्यात गवत कापतो. क्लीव्हलंडच्या पूर्वेला लेक ईरीवरून येणारा बर्फ मार्च संपेपर्यंत पिच्छा सोडत नाही. म्हणून दर एप्रिलला पुढचं पातं उतरवायचं आणि पोटाखाली डेक, म्हणजे गवत कापणारी ब्लेडं ज्यात फिरतात ती लोखंडी पेटी, चढवायचा. ट्रॅक्टर सत्तावीस वर्षांचा, घराबरोबरच आम्हाला मिळालेला. डेक 46 इंची.

पहिल्या वर्षी एक पिन जाईना, म्हणून मी आणि नवऱ्यानं ती हातोडीनं ठोकून बसवली. बसली. दुसऱ्या दिवशी डेकची कड मागच्या टायरला घासायला लागली आणि ठोकलेला ब्रॅकेट सरळ करून घ्यायला वेल्डरकडे जावं लागलं. तेव्हा आप्पा आठवले. इचलकरंजीत आमचे आठ माग होते. पट्टा घसरला की नवा कामगार पट्ट्याला शिव्या घालायचा; आप्पा मात्र पट्ट्याला हात न लावता दोन पुल्यांवर सुतळी ताणून बघायचे. डेकचंही तसंच आहे. जिथं पिन अडते तिथं दोष असतोच असं नाही.

सुरुवात सपाट काँक्रीटवर. उताराच्या ड्राइव्हवेवर हे काम करूच नका, सगळी मापं खोटी येतात. इंजिन थंड, पार्किंग ब्रेक लावलेला, स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला, हातात जाड हातमोजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली डोकं घालू नका.

मग टायरची हवा. हसू नका. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या किंवा बर्फात राबलेल्या ट्रॅक्टरचं एक टायर हमखास बसलेलं असतं, आणि ट्रॅक्टर एका बाजूला कलला की डेक त्या बाजूला बसायला कुरकुर करतो. माझ्या मॅन्युअलमध्ये पुढे 14 आणि मागे 10 पीएसआय आहे. तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. डाव्या-उजव्या टायरांत फरक राहू देऊ नका.

आता डेक खाली सरकवायचा. पुढची चाकं पूर्ण डावीकडे वळवली की माझ्या ट्रॅक्टरला उजवीकडून वाट मिळते. उंचीचा लिव्हर सर्वात खालच्या खाचेत हवा. डेक नसताना हा लिव्हर स्प्रिंगच्या जोरानं उसळतो, मनगटाला लागला तर रात्रभर झोप नाही. घट्ट धरूनच खाचेतून काढा.

आता खरं दुखणं. डेक ज्या दांड्यांना पिनांनी टांगायचा त्यांची आणि डेकची भोकं जुळत नाहीत.

चारही ठिकाणी सारखाच, म्हणजे सगळा डेक अर्धा इंच पुढे किंवा मागे वाटत असेल, तर बहुधा लिव्हर पूर्ण खाली आलेला नसतो. माझ्याकडे दोनदा तसंच निघालं. लिव्हर खाली, पण उचलणाऱ्या दांड्यांच्या बिजागरीत गंज आणि गेल्या साली कापलेल्या गवताचा लगदा, त्यामुळे दांड्या अर्ध्यातच थांबलेल्या. तारेच्या ब्रशनं घासा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा. सकाळी दांडी हातानं खाली जाते का बघा. तरीही जुळत नसेल तर पुढच्या दांडीवरचे नट बघा, कुणीतरी ते फिरवून डेक पुढे ओढलेला असतो.

एकाच कोपऱ्यात अडत असेल तर काहीतरी वाकलंय. पण अडलेल्याच कोपऱ्यात शोधत बसू नका. बाकीच्या तीन पिना हलक्या हातानं घाला आणि चौथं भोक किती इंच, कोणत्या दिशेला सरकलंय ते खडूनं लिहून ठेवा. माझं मागचं डावं भोक जुळत नव्हतं आणि वाकली होती पुढची उजवी दांडी. मेपलच्या उघड्या मुळावर डेक आपटला होता, तो प्रसाद. तपासायची सोपी युक्ती: बऱ्याच ट्रॅक्टरांवर डाव्या-उजव्या दांड्या एकसारख्या असतात. एक काढून पुठ्ठ्यावर ठेवा, पेन्सिलीनं आकार काढा, दुसरी त्यावर ठेवा. पाव इंचाचा बाकसुद्धा लगेच दिसतो.

याच्या उलट त्रासही होतो. पिन सहज जाते, पण डेक झुलतो. म्हणजे भोक झिजून अंडाकृती झालं. जाड पिन घालून भागत नाही. मी ब्रॅकेटवर योग्य भोकाचा वायसर वेल्ड करून घेतला, पाच वर्षं टिकलाय.

बेल्ट मी इचलकरंजीच्या ऐटीत आणायला गेले आणि फसले. आमच्याकडे ए आणि बी मालिकेचे पट्टे लहानपणापासून ऐकलेले. ए 86 म्हणजे आतला घेर 86 इंच. इथल्या दुकानात 4एल860 दिसला, म्हटलं तोच. नव्हे! 4एलमध्ये 4 म्हणजे आठांशात रुंदी, म्हणून अर्धा इंच. आणि 860 म्हणजे बाहेरचा घेर 86.0 इंच. ए 86 च्या जोडीला 4एल880 लागतो. दोन इंच आखूड पट्टा घेऊन मी तासभर डेकशी झटापट केली आणि दोष डेकला दिला. 5एल 5/8 इंच रुंद, आपल्या बी मालिकेचा भाऊ. जुना पट्टा ताणून लांब झालेला असतो, त्याचं माप भरवशाचं नाही. त्यावर छापलेला किंवा मॅन्युअलमधला नंबरच घ्या.

नंबर बरोबर असूनही पट्टा चढत नसेल तर पीटीओ (इंजिनाची ताकद डेकला देणारा जोड) बंद आहे ना, आयडलरचा (पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीचा) हात स्प्रिंगवर मोकळा हलतोय ना, आणि पट्टा लोखंडी अडण्यांच्या आतून गेलाय ना, ते बघा. पट्ट्याची निमुळती बाजू खाचेच्या पुलीत, सपाट पाठ सपाट आयडलरवर. पट्टा वारंवार उतरत असेल तर स्पिंडलच्या, म्हणजे ब्लेड फिरवणाऱ्या दांड्यांच्या, पुल्यांवर सरळ पट्टी ठेवा. एक पुली खाली-वर डुलत असेल तर पट्टे बदलत बसू नका, बेअरिंग गेलंय. हातानं फिरवा, वाळू दळल्यासारखा आवाज येतो.

डेक टांगला की लेव्हल. ब्लेडची टोकं डावी-उजवीकडे करा, दोन्ही बाजूंना टोकापासून काँक्रीटपर्यंत मोजा. फरक 1/8 इंचाच्या आत. मग ब्लेडची टोकं पुढे-मागे करून मोजा: पुढचं टोक मागच्यापेक्षा 1/8 ते 3/8 इंच खाली हवं. नट एका वेळी अर्धाच फेरा, मग पुन्हा माप. मापं दर वेळी वेगळी येत असतील तर ब्लेडच वाकलंय. डेकची छोटी चाकं जमिनीपासून साधारण अर्धा इंच वर राहू द्या, ती डेकचा भार घ्यायला नसतात, खड्ड्यात डेक खरवडू नये म्हणून असतात.

जुना डेक विकत घेणार असाल तर एवढंच: रंग आणि नाव बघून घेऊ नका. क्राफ्ट्समन या अमेरिकन ब्रँडच्या नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचे ट्रॅक्टर विकले गेले. सीटखालच्या नंबरची सुरुवात 917 असेल तर कारखाना एक, 247 असेल तर दुसरा. एकाचा डेक दुसऱ्याला टांगता येईल अशी आशा धरू नका.

शेवटी प्लगची वायर लावून, सगळ्यांना लांब उभं करून, कमी थ्रॉटलवर डेक दोन मिनिटं चालवते. बंद करून पिना अडकवून ठेवणाऱ्या चारही क्लिपा पुन्हा बघते. हेअरपिनसारख्या त्या क्लिपा गवतात पडल्या की मिळत नाहीत, म्हणून कॉफीच्या डब्यात दहा-बारा जास्तीच्या ठेवलेल्या आहेत. नवरा त्या डब्यात हल्ली स्वतःचे स्क्रूही टाकतो, त्यावरून आमचं भांडण चालू आहे.