परग्रहांवरील बुद्धिमान संस्कृती अद्याप का सापडल्या नाहीत? उत्तर शोधताना या चुका टाळा

या प्रश्नाला उत्तरे पुष्कळ आहेत, पण त्यांतील बरीचशी उत्तरे प्रश्न नीट मांडण्याआधीच दिली जातात. काय शोधले, कुठे शोधले, किती वेळ शोधले आणि किती क्षीण संकेत पकडता आला असता, या चार गोष्टी निश्चित केल्याखेरीज ‘का सापडल्या नाहीत’ या विचारण्याला फारसा अर्थ उरत नाही. १९५० साली अमेरिकेतील लॉस अलामोस येथे दुपारच्या जेवणाच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी ‘सगळे आहेत तरी कुठे?’ असे विचारल्याची आठवण सर्वत्र सांगितली जाते. मात्र ‘ते इथे आलेले नाहीत, म्हणून ते अस्तित्वातच नाहीत’ हा काटेकोर युक्तिवाद १९७५ मध्ये मायकेल हार्ट यांनी मांडला. आज फर्मींच्या नावावर खपणारे बरेचसे निष्कर्ष मुळात हार्ट यांच्या वळणाचे आहेत.

शोध संपला आहे असे धरून चालणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. १९५९ साली ज्युसेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन यांनी १४२० मेगाहर्ट्झ या हायड्रोजनच्या वारंवारतेवर संकेत शोधावेत असे सुचवले. पुढच्याच वर्षी खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ दुर्बीण टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. तेव्हापासून सहा दशके उलटली असल्याने ‘इतकी वर्षे शोधूनही काही मिळाले नाही’ हे वाक्य सहज तोंडी येते. प्रत्यक्षात या काळातील बराचसा शोध तुकड्यातुकड्यांनी, इतर निरीक्षणांतून उरलेल्या वेळात झाला. नासाचा स्वतंत्र कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू झाला आणि १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने त्याचा निधीच बंद केला.

म्हणून वर्षे मोजू नयेत, तपासलेला आवाका मोजावा. संकेत कोणत्या दिशेने, किती अंतरावरून, कोणत्या वारंवारतेवर, किती शक्तीने आणि कोणत्या क्षणी येईल, हे काहीच ठाऊक नसल्यामुळे शोधाचे क्षेत्र केवळ आकाशापुरते मर्यादित राहत नाही. जेसन राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये या सर्व मिती एकत्र धरून हिशेब केला. पृथ्वीवरील महासागरांचे सारे पाणी हे एकूण क्षेत्र मानले, तर तोवरचा शोध त्यातील सुमारे ७,७०० लिटर पाणी तपासण्याएवढा झाला होता. तेवढ्या पाण्यात मासा मिळाला नाही, तर त्यावरून समुद्राविषयी काय म्हणता येईल हे उघड आहे.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सर्रास होते. ‘शोध इतका अपुरा आहे की काहीच कळलेले नाही’ असे म्हणणे बरोबर नाही. परग्रहीय संकेत शोधणाऱ्या ब्रेकथ्रू लिसन या प्रकल्पाने २०२० मध्ये जवळच्या १,३२७ ताऱ्यांचे निकाल जाहीर केले. निरीक्षणे चालू असताना यांपैकी एखाद्या ताऱ्याजवळून पोर्तो रिकोतील अरेसिबो दुर्बिणीच्या रडारएवढा शक्तिशाली, अरुंद वारंवारतेचा झोत पृथ्वीवर रोखलेला असता, तर तो हाती लागण्याची चांगली शक्यता होती. मात्र ‘निरीक्षणे चालू असताना’ हे शब्द गाळू नयेत, कारण एका ताऱ्याच्या वाट्याला वारंवारतेच्या एका पट्ट्यात साधारणपणे पाच-पाच मिनिटांच्या तीनच फेऱ्या आल्या होत्या. अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारणातील शोधाने वेगळी मर्यादा घातली आहे. स्वतःच्या दीर्घिकेतील (गॅलेक्सीतील) बहुतेक ताऱ्यांची ऊर्जा वापरणाऱ्या संस्कृतीची टाकाऊ उष्णता लपून राहणार नाही, या विचाराने वाइज या अवकाश दुर्बिणीच्या नोंदींतून सुमारे एक लाख दीर्घिका चाळण्यात आल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तसे उघड उदाहरण एकही मिळाले नाही. माझ्या मते रेडिओच्या शांततेपेक्षा हा नकार अधिक बोलका आहे, कारण यात समोरच्याने संकेत पाठवण्याची अट नाही.

ड्रेक यांच्या समीकरणाला मोजमाप समजणे

दीर्घिकेत संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती असतील, हे अनेक घटकांचा गुणाकार करून अंदाजणारे हे समीकरण ड्रेक यांनी १९६१ मध्ये चर्चेची विषयपत्रिका म्हणून मांडले होते. ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग आणि ग्रह असलेल्या ताऱ्यांचे प्रमाण हे घटक आज बऱ्यापैकी माहीत आहेत. जीवन उद्भवण्याची व त्यातून बुद्धी विकसित होण्याची शक्यता आणि संस्कृती टिकण्याचा काळ मात्र कोणालाही माहीत नाही. तरीही प्रत्येक ठिकाणी एक ‘वाजवी’ आकडा भरायचा, गुणाकार करायचा आणि आलेल्या उत्तरावर आश्चर्य व्यक्त करायचे, हा प्रकार नित्याचा आहे.

ही चूक किती मोठी आहे हे अँडर्स सँडबर्ग, एरिक ड्रेक्सलर आणि टोबी ऑर्ड यांनी २०१८ मध्ये एका सोप्या उदाहरणाने दाखवले. समजा असे नऊ घटक आहेत आणि दीर्घिकेत दहा हजार कोटी तारे आहेत. प्रत्येक घटक ठामपणे ०.१ धरला, तर दीर्घिकेत सरासरी १०० संस्कृती निघतात आणि एकही नसण्याची शक्यता जवळजवळ शून्य होते. आता प्रत्येक घटक ० ते ०.२ यांमध्ये कुठेही असू शकतो असे मान्य करा. सरासरी तीच राहते, परंतु दीर्घिका पूर्ण रिकामी असण्याची शक्यता एकदम २१ टक्क्यांवर जाते. जीवनाच्या उगमाबद्दलची खरी अनिश्चितता याहून कितीतरी पटींनी रुंद आहे. सबब, समीकरण वापरायचेच असेल तर एक आकडा न देता प्रत्येक घटकाची मर्यादा द्यावी. मग आकाशातील शांततेचे कोडे पुष्कळसे आपोआप सुटते.

काळाचा मेळ विसरणे

पृथ्वीचे वय सुमारे ४५० कोटी वर्षे आहे आणि ती रेडिओ लहरी बाहेर सोडू लागल्याला शंभराहून थोडी अधिक वर्षे झाली. बाहेरच्या निरीक्षकाने एखाद्या यादृच्छिक क्षणी पृथ्वीकडे पाहिले असते, तर त्याला तंत्रज्ञान दिसण्याची शक्यता साडेचार कोटींत एक इतकीच होती. हाच हिशेब उलट बाजूनेही करून पाहावा. आपल्या दीर्घिकेच्या हजार कोटी वर्षांत एक लाख तंत्रज्ञ संस्कृती होऊन गेल्या आणि प्रत्येक दहा हजार वर्षे टिकली असे मानले, तरी कोणत्याही एका वेळी हयात असलेल्या संस्कृतींची सरासरी एक दशांश येते. एक लाख ही संख्या ऐकताना आकाश गजबजलेले वाटते, पण एक दशांश हा आकडा ते रिकामे ठरवतो. संस्कृती कोट्यवधी वर्षे टिकतात असे मानणाऱ्याला अर्थातच वेगळे उत्तर मिळेल. वाद मुख्यतः या एका घटकाचा आहे, हे आधी स्पष्ट करून घ्यावे.

‘त्यांनी आपल्याला ऐकलेच असेल’

पृथ्वीवरून निघालेले सर्वांत जुने रेडिओ संकेत शंभराहून थोड्या अधिक प्रकाशवर्षांपर्यंत पोहोचले आहेत, तर आपल्या दीर्घिकेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आहे. शिवाय अंतर दहापट झाले की संकेताची तीव्रता शंभरपट घटते, त्यामुळे दूरचित्रवाणीची गळती शेजारच्या ताऱ्यांवरही आपल्यासारख्या यंत्रांना ऐकू येणे कठीण आहे. १९७४ मध्ये अरेसिबोवरून मुद्दाम पाठवलेला संदेश जेमतेम तीन मिनिटांचा होता आणि तो सुमारे २५,००० प्रकाशवर्षे दूर असलेल्या एम-१३ या तारकागुच्छाकडे निघाला आहे.

सर्वांना एकच स्वभाव चिकटवणे

ते लपून बसले आहेत, त्यांना रस नाही, ते आपल्याला दुरून न्याहाळत आहेत, ते स्वतःचाच नाश करून घेतात: यांपैकी कोणतेही स्पष्टीकरण एखाद्या संस्कृतीला लागू पडू शकते. अडचण अशी की शांततेचे पूर्ण स्पष्टीकरण म्हणून ते उभे राहायचे असेल, तर ते प्रत्येक संस्कृतीला, तिच्या प्रत्येक गटाला आणि प्रत्येक कालखंडाला अपवादाविना लागू पडले पाहिजे. एकाही गटाने नियम मोडला तर स्पष्टीकरण कोसळते. स्वभावावर आधारलेले उत्तर समोर आले की पहिला प्रश्न ‘अपवाद का नाही?’ हाच विचारावा. बहुतेक उत्तरे तिथेच अडखळतात. अंतर, काळ, दुर्मिळता आणि अपुरा शोध ही कारणे कंटाळवाणी असली, तरी त्यांना कोणाच्या एकमताची गरज पडत नाही.

एका उदाहरणावरून नियम काढणे

पृथ्वीवर जीवन किमान ३५० कोटी वर्षांपूर्वीचे आहे, म्हणजे ग्रह निवल्यावर ते तुलनेने लवकर आले. म्हणून जीवन सहज निर्माण होते, असा निष्कर्ष मोहक आहे. परंतु बुद्धी विकसित व्हायला ४०० कोटी वर्षे लागत असतील, तर जिथे जीवन उशिरा आले तिथे हा प्रश्न विचारायला कोणी उरणारच नाही. आपण लवकरच्या सुरुवातीचे वारसदार असणे त्या परिस्थितीत अटळच होते. याच जातीची आणखी एक घाई म्हणजे ‘वासयोग्य पट्ट्यात ग्रह सापडला’ ही बातमी ‘वस्ती सापडली’ अशी वाचणे. त्या पट्ट्यातील ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल, एवढेच त्यातून कळते.

विचित्र संकेताची घाईने वासलात लावणे

१९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना सुमारे १.३४ सेकंदांनी नेमाने येणारे स्पंद दिसले आणि त्यांना थट्टेने ‘छोटे हिरवे पुरुष’ असे नाव मिळाले. ते पल्सार, म्हणजे वेगाने फिरत नियमित स्पंद सोडणारे मृत तारे, निघाले. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतील बिग इअर दुर्बिणीवर आलेला ‘वाव’ संकेत ७२ सेकंदांचा होता. हा आकडा संकेताची लांबी सांगत नाही. स्थिर दुर्बिणीसमोरून आकाशातील एखादे ठिकाण सरकायला तेवढाच वेळ लागत असे. काही मिनिटांनी त्याच ठिकाणावरून जाणाऱ्या दुसऱ्या ग्राहकशिंगात तो दिसला नाही आणि नंतरही पुन्हा मिळाला नाही. त्याचे कारण पक्के ठरलेले नाही. तो परग्रहवासीयांचा होता असे ठामपणे म्हणणे आणि तो नक्कीच नव्हता असे ठामपणे म्हणणे, ही दोन्ही विधाने पुराव्याच्या पुढे धावतात.

तपासणीची पद्धत बीएलसी-१ या संकेताच्या बाबतीत उत्तम दिसते. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने प्रॉक्झिमा सेंटॉरी या सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याकडे पाहताना ९८२ मेगाहर्ट्झजवळ तो टिपला. दुर्बीण ताऱ्यावर रोखली की संकेत दिसे आणि बाजूला वळवली की नाहीसा होई. हीच परग्रहीय संकेताची पहिली कसोटी, आणि ती त्याने पार केली. पृथ्वी आणि दूरचा ग्रह दोन्ही फिरत असल्याने खऱ्या संकेताची वारंवारता सरकायला हवी; याचीही ती काळानुसार सरकत होती, म्हणजे दुसरी कसोटीही वरवर पाहता पूर्ण झाली. संशोधकांनी मग त्याच निरीक्षणांत इतर वारंवारतांवर तशाच घाटाचे संकेत शोधले. असे डझनावारी संकेत सापडले, त्यांच्यातील अंतरे इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील आंदोलकांच्या वारंवारतांशी जुळणारी होती, आणि त्यांतील काही दुर्बीण ताऱ्यापासून दूर वळलेली असतानाही दिसत होते. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा बीएलसी-१ हा मानवी उपकरणांचाच हस्तक्षेप ठरला. संकेत दिसण्यापासून निष्कर्षापर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ गेला, आणि त्याची बातमी मात्र २०२० च्या डिसेंबरमध्येच, तपास अर्धवट असताना फुटली होती.