जुन्या गाड्यांचे फोटो फसतात कुठे? या चुका टाळा

मुंबईत हॉर्निमन सर्कलपाशी व्हिंटेज गाड्यांची रॅली जमली की संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फोटो येऊन पडतात आणि त्यातले बहुतेक एकसारखेच असतात. फुगलेलं नाक, पांढरीफट्ट बॉनेट, टपातून उगवलेला विजेचा खांब आणि बंपरमध्ये फोन धरून उभा असलेला फोटोग्राफर. कॅमेरा लाखाचा असला तरी यात फारसा फरक पडत नाही, कारण आपला हात नव्या गाड्यांवर आणि माणसांवर बसलेला असतो. जुन्या गाडीची घडणच वेगळी. पत्रा गोलाईचा, क्रोम सढळ हाताने वापरलेलं, काचा उभ्या, रंग नाजूक आणि स्टिअरिंग जड. फोटो काढताना यातलं प्रत्येक काही ना काही आडवं येतं.

फार जवळून काढणं

सगळ्यात जास्त फोटो इथेच वाया जातात. फोनची नेहमीची लेन्स, म्हणजे १एक्स, साधारण २४ ते २६ मिलिमीटरची असते. ॲम्बॅसेडर सुमारे ४.३ मीटर लांब. १एक्सवर चार मीटरवरून ती बाजूने आरामात मावते, म्हणून आपण तिथेच थांबतो. पण पुढून तिरकं उभं राहून काढलं की जवळचा हेडलाइट भोपळ्याएवढा दिसतो आणि डिकी आखडून जाते. जुन्या गाड्यांची मडगार्डं मुळातच फुगीर असल्यामुळे हा दोष त्यांच्यात दुपटीने दिसतो. जुन्या, गोलमटोल फियाट ११०० ला तर लोकांनी आधीच डुक्कर फियाट असं नाव ठेवलेलं आहे, ते आणखी सार्थ करायची गरज नाही.

उपाय एकच, मागे सरका आणि झूम करा. २एक्सवर पूर्ण गाडी थोड्या मोकळ्या जागेसह मावायला आठेक मीटर लागतात. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स असेल तर तेरा-चौदा मीटर. समोरच्या फुटपाथवर जाऊन उभं राहावं लागतं आणि मध्ये माणसं येतात, हे खरं. पण माणसं निघून जातात, वाकडं आलेलं नाक सरळ होत नाही. मागे जागाच नसेल तर पूर्ण गाडीचा नाद सोडा आणि ग्रिल, मडगार्डची गोलाई, मागचा दिवा असे तुकडे घ्या. ०.५एक्स, म्हणजे फोनची वाइड लेन्स, फक्त गाडीच्या आतल्या फोटोसाठी ठेवा.

उंचीचंही तेच. ॲम्बॅसेडर १.६ मीटर उंच आहे, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांची आणि तिच्या टपाची उंची जवळपास सारखी. उभ्यानेच काढलेल्या फोटोत टप चपटा येतो आणि गाडी दबल्यासारखी वाटते. गुडघ्यावर बसा, लेन्स हेडलाइटच्या पातळीला आणा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, उंच ग्रिलच्या गाड्या याहूनही खालून काढल्या तर शोभतात. प्रीमियर पद्मिनी ही गाडी मात्र अगदी जमिनीलगत जाऊन काढू नका, सायलेन्सर आणि पोटाखालचा अंधारच फोटोत भरतो. तिच्या मागच्या मडगार्डांना छोटेसे पंख आहेत. दाराच्या हँडलच्या उंचीवरून, मागून तिरकं काढलं तर ते छान उठून येतात. पुढूनच फोटो काढायचा हा कुणी घातलेला नियम नाही.

फोनवाल्यांसाठी एक वेगळा इशारा. पोर्ट्रेट मोड गाडीवर वापरू नका. पार्श्वभूमी धूसर करण्याच्या नादात फोन रेडिओची एरियल खातो, मडगार्डावरचा आरसा अर्धा पुसतो आणि रोल्स-रॉइसच्या बॉनेटवर १९११ पासून उभी असलेली ती मूर्ती पंखांविना सोडतो. छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही, मोठ्या पडद्यावर लगेच कळतं.

क्रोममध्ये सगळं गाव

गाडीचा फोटो म्हणजे निम्मा प्रतिबिंबांचा फोटो, आणि जुन्या गाडीत तर क्रोमचे बंपर, व्हील कप, हेडलाइटच्या रिंगा, ग्रिल अशी चारी बाजूंनी चमक. समोर पिवळा टीशर्ट घालून उभे राहिलात तर तो काळ्या दरवाजावर ठळक डाग होऊन बसतो. गर्द किंवा राखाडी कपडे घाला आणि शटर दाबण्याआधी फक्त बंपर आणि व्हील कप नीट बघा. तिथे तुम्ही दिसत असाल तर अर्धं पाऊल बाजूला सरकल्याने काम होतं. व्हील कप फुगीर असेल तर सरकून सुटका नाही, त्यात सगळंच दिसतं. तेव्हा लांबून झूम करा, म्हणजे निदान तुम्ही ठिपक्याएवढे व्हाल.

इथे लोक सीपीएल, म्हणजे चमक कापणारा फिरता पोलरायझर फिल्टर आणतात आणि मग फिल्टर चालत नाही म्हणून तक्रार करतात. सीपीएल रंगावरची आणि काचेवरची चमक कापतो, उघड्या धातूवरची कापत नाही. क्रोम हा धातू, त्यामुळे फिल्टर कितीही फिरवला तरी बंपर तसाच लखलखणार. त्यात बिघाड काही नाही. विंडशील्डवरचं आभाळ घालवून आतलं स्टिअरिंग दाखवायचं असेल, तर काचेकडे तिरकं उभं राहून फिल्टर हळूहळू फिरवा. एका ठिकाणी आभाळ विरतं आणि आतली सीट दिसू लागते. टफन्ड काचेवर मात्र फिल्टरमुळे इंद्रधनुषी ठिपके उमटतात. ते दिसले तर फिल्टर थोडा उलटा फिरवा, नाहीतर काढून टाका. फिल्टर दीड-दोन स्टॉप उजेडही खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), हे संध्याकाळी विसरू नका. फोनवाल्यांनी पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून बघावी. दिसायला विचित्र, पण चालतं.

आणि चमक पूर्ण मारू नका. बॉनेटवरून सरकत जाणारी आभाळाची एक लांब, अखंड पट्टी पत्र्याची गोलाई दाखवते. ती गेली की गाडी प्लास्टिकची वाटायला लागते. पट्टी हवी, तिच्यात तारा, झाडाच्या फांद्या आणि फ्लेक्स नकोत.

काळी-पिवळी, पांढरी आणि क्रीम

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळं जग मध्यम राखाडी धरून चालतो. त्यामुळे पांढरी ॲम्बॅसेडर मळकट येते आणि काळी गाडी धुरकट. पांढऱ्या गाडीला एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, +०.७ ते +१ द्या, काळीला तेवढंच उणे. क्रोमवरचे सुईच्या टोकाएवढे चमकते ठिपके पांढरे जळाले तर जळू द्या. ते वाचवायला गेलात तर बाकी सगळी गाडी काळोखात जाईल.

सगळ्यात अवघड म्हणजे काळी-पिवळी पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. आता जिथे सापडते तिथे लोक घाईने फोटो काढतात आणि टप जाळून बसतात. काळं अंग बघून मीटर उजेड वाढवतो, आणि वरचा पिवळा लिंबासारखा फिका होऊन जातो. एक्स्पोजर पिवळ्या टपावर घ्या. फोनवर टपाला बोट लावून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग बोट खाली ओढून किंचित कमी करा. काळ्या भागातला तपशील नंतर थोडा उचलता येतो, जळालेला पिवळा परत येत नाही.

क्रीम, फिका हिरवा, आकाशी हे त्या काळातले रंग रंग आपोआप जुळवणाऱ्या ऑटो व्हाइट बॅलन्सला पचत नाहीत. क्रीमचा पांढरा करून मोकळा होतो. उन्हात व्हाइट बॅलन्स ५२०० केल्व्हिनच्या आसपास ठरवून ठेवा किंवा रॉ, म्हणजे कच्च्या फाइलमध्ये काढा. मालकाने शेड जुळवण्यासाठी पेंटरकडे किती चकरा मारल्या असतील ते आठवा.

अकरा वाजताचं ऊन

रॅलीला लोक नाश्तापाणी करून निवांत पोचतात. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं, टप चकाकतो आणि मडगार्डाखाली काळीकुट्ट सावली पडते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो. गाड्या रांगेत लागत असतात तेव्हाच पोचा. गर्दीही नसते, आणि मालक फडकं घेऊन गाडी पुसत असतो, तो फोटो झेंडा दाखवण्याच्या फोटोपेक्षा कितीतरी चांगला निघतो. उशीर झालाच तर इमारतीच्या सावलीत उभी असलेली गाडी शोधा, नाहीतर सरळ डॅशबोर्ड आणि बिल्ल्यांकडे वळा.

सूर्य मावळल्यावरची वीसेक मिनिटं काळ्या आणि गर्द रंगाच्या गाड्यांसाठी सगळ्यात चांगली. तेव्हा मालकाला हेडलाइट लावायला सांगा, पण इंजिन चालू ठेवून आणि मिनिटभरच. जुन्या बऱ्याच गाड्या सहा व्होल्टच्या आहेत, दिवे पिवळे आणि मंद असतात आणि बॅटरी लवकर बसते. मग धक्का मारायला तुम्हालाच उतरावं लागेल.

मागे काय आहे

डोक्यातून खांब निघणं ही जुनीच रड आहे, त्यावर फार बोलायला नको. शटर दाबण्याआधी टपाच्या रेषेवरून एकदा नजर फिरवा, एवढं पुरे. त्याहून मोठी चूक म्हणजे १९५० च्या दशकातली गाडी काचेच्या कॉर्पोरेट इमारतीसमोर उभी करणं. मुंबईत तर चांगली पार्श्वभूमी फुकट मिळते. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेला आर्ट डेको इमारती आहेत, पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती. हा सगळा समूह २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. डेको इमारतींचं तोंड पूर्वेला, त्यामुळे त्यांच्यावर ऊन सकाळी येतं. समोरच्या गॉथिक इमारतींवर संध्याकाळी. मरीन ड्राइव्हच्या इमारती समुद्राकडे बघतात, म्हणजे तिथेही संध्याकाळच. ही वेळ उलटी धरली की इमारत काळी आणि आभाळ पांढरं. बॅलार्ड इस्टेट रविवारी सकाळी बऱ्यापैकी रिकामी असते. ट्रायपॉड आणि लाइट मांडून बसलात तर मात्र पोलीस परवानगी विचारणार, ती आधीच काढून ठेवा.

बंपरला बांधलेली लिंबू-मिरची काढायला लावणारे फोटोग्राफर मी पाहिले आहेत. माझं मत विचाराल तर राहू द्या. ती त्या गाडीचीच आहे. दारावर चिकटवलेलं प्रायोजकाचं स्टिकर मात्र दुसऱ्या बाजूने फोटो घेऊन टाळा.

चाक वळवताना

पुढून तिरक्या फोटोत चाकाचा चेहरा, म्हणजे व्हील कप, कॅमेऱ्याकडे दिसायला हवा. टायरची नक्षी दिसत असेल तर चाक उलट्या बाजूला वळलेलं आहे. पण “जरा स्टिअरिंग फिरवा हो” असं उभ्या गाडीला सांगू नका. पॉवर स्टिअरिंग नसतं, जागच्या जागी फिरवताना सगळा भार जुन्या जोडांवर आणि टायरवर येतो. गाडी हातभर पुढे सरकवत वळवायला सांगा. मालक लगेच ओळखतो की या माणसाला थोडं कळतं, आणि पुढची दहा मिनिटं तो तुमचाच असतो.

धावती गाडी उभी दिसते

शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला की धावती गाडीही पार्क केल्यासारखी येते. गणित सोपं आहे. पद्मिनी ताशी ३० किलोमीटरने जात असेल तर तिचं चाक सेकंदाला साधारण साडेचार फेऱ्या घेतं. १/१००० सेकंदात ते दीड-दोन अंशांनी फिरतं, म्हणजे गोठतंच. १/६० ला पंचवीसेक अंशांनी फिरतं आणि व्हील कप विरघळतो. तेव्हा १/६० ने सुरुवात करा, पाय रोवा, गाडी समोर यायच्या आधीपासून कमरेतून वळत तिच्यासोबत फिरा आणि शटर दाबल्यावरही थांबू नका. बहुतेक फोटो हलतील, ते गृहीतच धरा. सगळेच हलत असतील तर १/१२५ वर या. गाडी धूसर आणि मागची इमारत स्पष्ट येत असेल तर तुमचं वळणं शटरच्या क्षणी थबकतंय. स्कूटरवर मागे बसून चालत्या गाडीचे फोटो काढायचं धाडस करू नका, शहरातल्या रस्त्यावर तर मुळीच नको.

हात लावणं

काही जुन्या गाड्यांवर अजून एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट आहे आणि तो आजच्या रंगापेक्षा मऊ असतो. पट्ट्याचं बक्कल, जॅकेटची चेन, गळ्यात लोंबणारा कॅमेरा, यातलं काहीही बॉनेटला टेकलं की ओरखडा. वाकण्याआधी कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला गुंडाळा, बॅग जमिनीवर ठेवा. धूळ दिसली तर रुमालाने पुसू नका. कोरड्या कापडाखाली धुळीचे कण पॉलिश पेपरचं काम करतात. मालकाला सांगा, त्याच्याकडे मायक्रोफायबर असतंच. दार उघडायचं तेही विचारून. डुक्कर फियाटचे पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडतात, आणि सवयीने हिसका दिलात तर जुन्या बिजागरीचं काय होईल सांगता येत नाही.

आतला फोटो घेताना काचेबाहेरचं ऊन जळतं आणि डॅशबोर्ड काळा पडतो. गाडी सावलीत घ्या, पलीकडचं दार उघडा, किंवा खिडकीबाहेर पांढरी चादर धरायला कुणाला तरी उभं करा. स्टिअरिंगलाच लावलेला गिअरचा दांडा आणि पुढची अखंड सीट ही तरुण वाचकांनी पाहिलेलीच नसते. तेव्हा मोठ्या फोटोइतकाच वेळ त्यांना द्या.

एडिटिंगमध्ये नासाडी

उजेड आणि सावली दोन्हीतला तपशील वाढवणाऱ्या एचडीआरचा स्लायडर टोकाला नेला की पत्रा धातूचा राहत नाही, रंगवलेला दिसतो. आभाळ बदलू नका. बॉनेटवर निरभ्र आभाळ आणि मागे काळे ढग, हे लहान पोरालाही खटकतं. रंगाला गेलेले तडे आणि दाराच्या कडेचा गंजही पुसून टाकू नका. गाडी मूळ रंगात आहे की पुन्हा रंगवली आहे, हे जाणकार त्यावरूनच ओळखतात.

नंबरप्लेट ऑनलाइन टाकण्याआधी मालकाला विचारा. जुनी तीन अक्षरी पाटी काहींना अभिमानाने दाखवायची असते, काहींना नको असते. २०२१ च्या नियमानंतर पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते आणि पाटीवर ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर येते. म्हणजे चुकलेला फोटो पुढच्या रविवारी परत काढू, असं इथे म्हणता येत नाही.

मालकाला फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर फाइल आक्रसते, आणि तो जेव्हा भिंतीवर लावायला मोठी प्रिंट काढायला जातो तेव्हा स्टुडिओवाला त्याला परत पाठवतो.