अफिलिएट कमिशनच्या अटी बदलल्या? आधी हिशेब असा मांडा

तुम्ही ज्या कंपनीच्या लिंक देता आणि त्यांवरून झालेल्या विक्रीवर कमिशन घेता (यालाच अफिलिएट कार्यक्रम म्हणतात), तिचा ईमेल येतो: पुढच्या महिन्यापासून कमिशनची रचना बदलत आहे. पहिली नजर टक्क्यावर जाते. टक्का वाढला की बरं वाटतं, घटला की पोटात गोळा येतो. दोन्ही वेळा थोडं थांबा. टक्का हा हिशेबाचा एकच तुकडा आहे, आणि बरेचदा तो सर्वात महत्त्वाचा नसतो.

पहिलं काम अगदी साधं: जुन्या अटींची प्रत जपून ठेवा. नव्या अटी लागू झाल्या की जुनं पान बहुधा दिसेनासं होतं. डॅशबोर्डवरून मागच्या तीन महिन्यांचा अहवालही उतरवून घ्या. त्यात क्लिक, ऑर्डर, रद्द झालेल्या ऑर्डर आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम हवी. मी एकदा हे केलं नव्हतं. कमाई घटलेली दिसत होती, पण नेमकी कशामुळे घटली हे दाखवायला हातात काहीच नव्हतं. ती चूक तुम्ही करू नका.

वेळ फार नसतो, हेही ध्यानात घ्या. ॲमेझॉनने अमेरिकेतले दर एप्रिल २०२० मध्ये कापले, तेव्हा लिंक देणाऱ्या भागीदारांना जेमतेम आठवडाभर आधी कळलं. फर्निचर ८ टक्क्यांवरून ३ वर आलं आणि किराणा ५ वरून १ वर. ज्यांची सगळी पानं एकाच प्रकारच्या वस्तूंवर उभी होती, त्यांना मोठा फटका बसला. म्हणून ईमेलमधला सरासरी आकडा बाजूला ठेवा आणि तुमच्या लिंकवरून खरोखर काय विकलं जातं, त्या प्रकाराचा दर शोधा.

आता खरा भाग. चार गोष्टी जुन्या-नव्या अशा शेजारी लिहा: दर, कुकीची मुदत, कोणती ऑर्डर तुमच्या नावे धरतात आणि पैसे कधी पक्के होतात.

कुकी म्हणजे क्लिक कुणाच्या लिंकवरून आला याची ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद. तिची मुदत म्हणजे वाचकाने तुमची लिंक दाबल्यानंतर किती काळात केलेली खरेदी तुमच्या खात्यात जमा होते, ते. काही कार्यक्रमांत ३० दिवस असतात, तर ॲमेझॉनवर साधारण २४ तास. महाग वस्तू घेणारा माणूस आठवडाभर विचार करतो, त्यामुळे ही मुदत आखडली की कमाईला थेट कात्री लागते. शिवाय कागदावरची मुदत आणि प्रत्यक्षातली मुदत एकच असेल असं नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ मध्ये पानावरच्या जावास्क्रिप्टने (पानात चालणाऱ्या कोडने) ठेवलेल्या कुकींचं आयुष्य सात दिवसांवर आणलं. म्हणून क्लिकची नोंद ब्राउझरमध्ये होते की कंपनीच्या सर्व्हरवर, हे स्पष्ट विचारा.

श्रेय कुणाला, हाही प्रश्न आहेच. बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्लिकला श्रेय मिळतं. वाचकाने तुमचा लेख वाचून वस्तू ठरवली, पण पैसे भरताना कूपनच्या साइटवरून गेला, तर कमिशन त्या साइटला. काही कार्यक्रम आता ते विभागून देतात, काही फक्त नव्या ग्राहकांवर देतात. ‘नवा ग्राहक’ हा शब्द दिसला की त्याची व्याख्या वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग दर क्लिकमागची कमाई काढा. समजा १००० क्लिकवर ४० ऑर्डर येतात आणि सरासरी ऑर्डर १५०० ची आहे. विक्री ६०,०००, आठ टक्क्यांनी ४८००. त्यातल्या दहा टक्के रकमेच्या ऑर्डर रद्द होत असतील तर उरले ४३२०, म्हणजे दर क्लिकमागे ४.३२. नव्या अटींत दर दहा टक्के झाला, पण मुदत आखडल्यामुळे २६ ऑर्डरच तुमच्या नावे लागल्या, तर विक्री ३९,०००, कमिशन ३९००, रद्द वजा जाता ३५१०. दर क्लिकमागे ३.५१. दर वाढूनही कमाई जवळपास एकोणीस टक्के घटली. हे गणित मी प्रत्येक बदलाच्या वेळी हाताने करते, आणि अजूनही उत्तर पाहून कधीकधी थक्क होते.

२६ हा आकडा आधी कळत नाही, तो अंदाज आहे. अहवालात क्लिक आणि खरेदी यांमधलं अंतर दिसत असेल तर अंदाज चांगला बसतो. दिसत नसेल तर कार्यक्रमाच्या व्यवस्थापकाकडे मागा, अनेकदा देतात. त्याच पत्रात तुमच्या ऑर्डरचे आकडे देऊन जुना दर काही महिने चालू ठेवण्याची विनंतीही करा. नियमित विक्री देणाऱ्या भागीदाराशी वेगळा दर ठरवणं या व्यवसायात नेहमीचं आहे.

किती कमिशन साठल्यावर पैसे पाठवतात, ती किमान रक्कम वाढली का, हे एकदा पाहून घ्या.

घाईने सगळ्या लिंक काढू नका. सर्वाधिक क्लिक असलेल्या पाच-सहा पानांवर दुसऱ्या कार्यक्रमाची लिंक लावा, बाकी तशीच ठेवा, आणि दोन्हींची दर क्लिकमागची कमाई महिनाभर नोंदवा. ऑर्डर पक्की व्हायला अनेक ठिकाणी ३० ते ६० दिवस लागतात, त्यामुळे महिना संपताच निकाल लावू नका. त्या क्लिकचे पैसे प्रत्यक्ष खात्यात जमा होतील, तेव्हाच दोन रकाने शेजारी ठेवून तुलना करा.