जुन्या फोर-बाय-फोरमधली खडखड: आवाजाचा माग कसा काढायचा

लॅडर चॅसी (शिडीसारखा सांगाडा), पाट्यांचं सस्पेन्शन (एकावर एक रचलेल्या लवचीक पोलादी पट्ट्या) आणि दोन प्रॉपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारे फिरते दांडे) असलेल्या जुन्या गाडीत खडखडायला जागा भरपूर असतात. त्यात पोलादी चॅसी आवाज दूरवर वाहून नेते, त्यामुळे मागच्या शॅकलचा, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या जोडाचा, ठोका पुढच्या सीटखालून आल्यासारखा वाटतो. कानाला वाटेल तिथले नट आवळत सुटलं की दिवस जातो आणि खडखड कायम राहते. आवाज नेमका कधी येतो ते आधी पक्कं करा. कुठून येतो ते त्यातूनच कळत जातं.

सुरुवात चाकांच्या नटांपासून. हळू वेगात चाकाच्या फेऱ्यांबरोबर टकटक येत असेल तर दुसरं काहीही तपासण्याआधी सगळे नट टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) बघून घ्या. मग गाडी पूर्ण रिकामी करा. जॅक, त्याचं हँडल, पान्यांची पिशवी, दारांच्या कप्प्यातल्या बाटल्या, ग्लव्हबॉक्समधली नाणी, सगळं बाहेर. मोकळ्या सीट बेल्टची बकलं लावून टाका. स्टेपनी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा. मागच्या दारावर टांगलेली असेल तर तिच्या वजनाने बिजागरी झिजते आणि दार कुलपाच्या खुंटीवर आपटू लागतं. त्यानंतर गाडी खालून धुवा. वाळलेला चिखल ढिले भाग धरून ठेवतो आणि झिजेच्या खुणाही झाकतो. स्किड प्लेटवर (गाडीखालच्या संरक्षक पत्र्यावर) अडकलेला एखादा दगडही या धुण्यात निघून जातो.

गाडी उभी असताना, इंजिन चालू ठेवून आवाज येतो का? येत असेल तर रस्ता आणि सस्पेन्शन दोन्ही संशयातून सुटले. रेस हळूहळू वाढवा. एका ठरावीक आरपीएमलाच पत्र्याची झणझण उठून पुढे विरत असेल तर बहुधा सायलेन्सरच्या पाइपावरचं हीट शील्ड असतं. न्यूट्रलमधली खुळखुळ क्लच दाबल्यावर थांबली तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे बघा, क्लच दाबल्यावरच सुरू झाली तर रिलीज बेअरिंगकडे. ट्रान्सफर केसचा (पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर हाताने हलकेच धरल्यावर आवाज थांबला तर लिव्हरच्या बुडाचं बुश (सांध्यातलं अस्तर) गेलेलं आहे.

एक्झॉस्ट नेहमी पूर्ण थंड झाल्यावरच तपासा. रबरी हातोडीने पाइपावर पुढून मागे हलके ठोके देत जा. शील्ड किणकिणलं तर कळतंच. सायलेन्सरच्या आतून खुळखुळ आली तर आतला पडदा सुटलाय, त्याला सायलेन्सर बदलणं हाच उपाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये खडे हलल्यासारखा आवाज आला तर आतला सिरॅमिक गाभा फुटलाय. त्याचे तुकडे वाट अडवतात आणि गाडी चढाला दम तोडते, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. शील्डचे टाके सुटले असतील तर स्टेनलेस स्टीलचा होज क्लॅम्प भोवती गुंडाळून आवळा. एक पुरला नाही तर दोन एकमेकांत जोडा. शील्ड काढून फेकणं सोपं वाटतं, पण ते फ्लोअरला, जवळच्या नळ्यांना आणि गाडीखालच्या सुक्या गवताला उष्णतेपासून वाचवतं. गवताळ वाटेवर जाणाऱ्या गाडीला ते हवंच.

आता सस्पेन्शन. जुन्या गाडीतले बहुतेक ठोके इथले, आणि इथेच लोक सर्वात जास्त चुकतात.

आडव्या, सरळ गतिरोधकावरून दोन्ही चाकं एकदम न्या. मग एकच चाक खड्ड्यातून न्या. दुसऱ्या वेळीच ठोका आला तर अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक आणि बुश आधी बघा, कारण दोन्ही चाकं सारखी उचलली गेली की तो बार पिळला जात नाही. खडबडीत रस्त्यावर, मोकळ्या जागी, ब्रेकवर हलका पाय ठेवून बघा. आवाज लगेच बंद झाला तर पॅड, त्यांच्या स्प्रिंग क्लिपा किंवा कॅलिपरच्या पिना ढिल्या आहेत.

खाली जायचं तर सपाट, कठीण जमीन हवी. चाकांना ठोकळे लावा आणि गाडीचं वजन पेलणारे स्टँड द्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका. स्टँड अ‍ॅक्सलखाली लावले की पाट्यांवर वजन राहतं आणि प्रत्येक सांधा रस्त्यावर असतो तसाच बसतो. टॉमीने (लोखंडी पहारीने) शॅकल, पाट्याचा डोळा आणि शॉकॅब्सॉर्बरची दोन्ही टोकं एकेक करून उचकून बघा. रबर थोडं दबणं ठीक आहे, धातूवर धातू आपटणं ठीक नाही. नटाभोवती चकाकणारा घासलेला धातू किंवा तांबूस भुकटी दिसली की तिथे काहीतरी हलतंय हे नक्की. पाटे एकत्र धरणाऱ्या क्लिपा सैल झाल्या की प्रत्येक उसळीला टिकटिक करतात.

पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट ढिले असतील तर जास्त काळजी घ्या. त्यामुळे पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटू शकतो आणि अ‍ॅक्सल मागेपुढे सरकतो. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी फितीने मोजा. मापांत ठळक फरक असेल तर आधी ते दुरुस्त करा, तोवर गाडी बाहेर काढू नका.

शॉकॅब्सॉर्बरचा संशय असेल आणि गाडी पाट्यांची असेल, तर त्याचं खालचं टोक सोडवून बांधून ठेवा आणि मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने फिरवून बघा. ठोका गेला तर दोषी सापडला. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत हा प्रयोग करू नका. तिथे अ‍ॅक्सल किती खाली लटकायचा हे अनेकदा शॉकॅब्सॉर्बरच ठरवतो, आणि तो सोडला तर स्प्रिंग जागेवरून निसटू शकते किंवा ब्रेकचा होज ताणला जातो.

पुढचं चाक अधांतरी ठेवून वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) जाणवला तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. फक्त डावी-उजवीकडे धरल्यावर हलत असेल तर टाय रॉड एंड.

गिअर टाकताना किंवा अ‍ॅक्सलरेटर सोडून पुन्हा दाबताना ‘खाड’ होत असेल तर प्रॉपेलर शाफ्ट तपासा. इंजिन बंद, चारही चाकांना ठोकळे, मग गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये. शाफ्ट हाताने पिळा आणि नजर क्रॉसवर, म्हणजे शाफ्टच्या सांध्यातल्या अधिकच्या चिन्हासारख्या तुकड्यावर, ठेवा. दोन्ही बाजूंचे योक (क्रॉसला धरणारे चिमटे) वेगवेगळे हलले तर क्रॉस संपलाय. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाजवळची तांबडी भुकटी म्हणजे आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडल्यात. पूर्ण शाफ्ट डिफरन्शियलपाशी थोडासा फिरणं मात्र दातांमधल्या नैसर्गिक फटीमुळे असतं. तेवढ्यावरून डिफरन्शियल उघडू नका. क्रॉस ठीक निघाला तर सरकत्या जोडाला ग्रीस द्या आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग फाटलंय का ते बघा.

खडखडीऐवजी करकर किंवा कुईकुई असेल तर रबरी बुशांवर एकेक करून पाणी फवारा. ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज काही वेळ गप्प होतो, तो धरा. तिथे इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, त्याने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. सिलिकॉन ग्रीस चालतं.

बॉडीचे आवाज तुलनेने निरुपद्रवी असतात. बॉनेटचे रबरी ठोकळे आटे फिरवून वर घ्या, दाराच्या कुलपाची खुंटी किंचित आत सरकवा, डॅशबोर्डच्या फटींत फेल्ट टेप घाला. बॅटरीचा क्लॅम्प मात्र आवर्जून आवळा. बॅटरी सरकून टर्मिनल बॉनेटला टेकलं तर शॉर्ट सर्किट होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दरवेळी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने फिरवून बघा. नवीन रबरी बुश बसवताना बोल्ट हाताने घट्ट होईल इतकाच ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, मागून-पुढून दोनदा दाबा आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा. चाकं लटकत असताना आवळलेलं बुश गाडी खाली आल्यावर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्ट हलवले असतील तर पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा. नट आणि प्लेटवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवली की पुढच्या वेळी नट फिरलाय का ते पाना न लावताच दिसतं.